देव्हाऱ्यातला पिवळा दगड

३ मार्च २०२५, ताडकळस

येलदरीच्या धरणावर पाटबंधारे खात्यात मी सगळी नोकरी केली. पाणी किती आलं, किती सोडलं, हे रोज लिहायचो. निवृत्त होऊन ताडकळसला घरी आलो आणि लिहायला काही उरलं नाही. आज पुन्हा लिहायला बसलो, कारण घरात कुणी माझं ऐकून घेत नाही आणि वही मधे बोलत नाही.

झालं असं, की आमच्या ईश्वरीला नोकरी लागली. कर्नाटकात, रायचूर जिल्ह्यात, हट्टी नावाच्या गावी, सोन्याच्या खाणीत. नांदेडला तिला भूगर्भशास्त्र शिकायला घातलं तेव्हा माझा हिशेब वेगळा होता. पोरगी परभणीत भूजलवाल्यांकडे लागेल, गावोगावच्या विहिरींची पातळी मोजेल आणि संध्याकाळी जेवायला घरी येईल. ही निघाली थेट जमिनीच्या पोटात.

"बाबा, आता बायकांनाही खाली उतरता येतं. कायदा बदललाय."

"कायदा बदलला, खालची हवा बदलली का?" मी विचारलं. खालची हवा कशी असते हे मला माहीत नव्हतं, पण विचारलं.

एप्रिलअखेर होकार कळवायचा आणि पाच मेला हजर व्हायचं. ती म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात तरच कळवते. तुम्हाला दुखवून मला जायचं नाही." भांडली असती तर सोपं होतं. मीही भांडलो असतो.

अनसूया भाकरी थापता थापता म्हणाली, "गावाचं नावच हट्टी. लेकीला बरोबर जागा मिळाली." मला हसू आलं नाही.

६ मार्च

ऑफिसात मी एक गोष्ट शिकलो. नाही म्हणायचं तर कारण दाखवून म्हणावं. तेव्हा मी सोन्याचा अभ्यास सुरू केला आहे. ईश्वरी परीक्षेसाठी नांदेडला गेली, तिची जुनी पुस्तकं कपाटात मोकळी आहेत. इंग्रजी जड जातं, पण अडेल तिथं मोबाईल आहे.

थोरल्या केयूरचा शाळेतला भारताचा नकाशा माळ्यावर होता. तो स्वतः पुण्याला असतो, नकाशा आम्हाला ठेवून गेला. मी तो बैठकीत टांगला आणि जिथं सोनं तिथं ओल्या हळदीचा ठिपका द्यायला लागलो. कोलारला दिला. तिथली खाण केव्हाच बंद पडली, पण पेन्शनवाल्यालाही मान असतो. मग हट्टी, गदग, आंध्रातलं रामगिरी, केरळातलं वायनाड. वर राजस्थानात बांसवाडा, उत्तर प्रदेशात सोनभद्र, बिहारात जमुई. झारखंडात सुवर्णरेखा नावाची नदी आहे, तिच्या काठची माणसं वाळू धुऊन कण वेचतात. आपल्या राज्यात नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूला थोडं आणि तळकोकणात नावापुरतं.

मागं सरकून नकाशा बघितला. परभणी, हिंगोली, बीड, जालना, सगळं कोरं. पंगतीत तुपाचं भांडं घेऊन वाढपी आला आणि नेमकं आपलं पान सोडून पुढं गेला, तसं वाटलं.

अनसूयेनं हळदीच्या डब्यात डोकावून विचारलं, "एवढी हळद कशाला लागायली तुम्हाला?" मी म्हटलं, कामाला.

११ मार्च

आज ईश्वरीला फोन करून सहज विचारलं, की सोन्याचं आपण काय वाईट केलं, की ते आपल्याकडंच नाही?

"अभ्यास करायलात की काय बाबा?"

"सहज विचारलं म्हटलं ना."

मग ती सांगत बसली आणि मी ऐकत बसलो. सोनं असतं ते बहुतेक फार जुन्या खडकात. कर्नाटकातले धारवाडी खडक अडीचशे-तीनशे कोटी वर्षांचे. ते दबले, वाकले, त्यांना तडे गेले. खोलातलं तापलेलं पाणी सोनं विरघळवून त्या तड्यांतून वर चढलं आणि निवताना पांढऱ्या गारगोटीच्या शिरांत सोनं ठेवून गेलं. आणि आपला काळा पाषाण म्हणजे निवलेला लाव्हा, उणापुरा साडेसहा कोटी वर्षांचा.

"आपला खडक लेकरू आहे बाबा अजून."

"मग त्या लेकराच्या खाली काय आहे?"

"खाली जुनाच खडक असणार. देगलूरकडं तो उघडा दिसतो. आपल्याकडं त्याच्यावर लाव्हाचे थर आहेत, थालीपिठावर थालीपीठ रचावं तसे. शेकडो मीटर. तिथवर कोण जातंय?"

बोलताना तिचा आवाज कसा चढतो, ते लहानपणापासून तसंच आहे. मी एवढंच टिपून ठेवलं: खाली जुनाच खडक आहे.

म्हणजे आपलं पान कोरं नाही, झाकलेलं आहे. झाकलेलं उघडायला शिकलेली माणसं लागतील. तसं काही निघालं तर आपल्या भागातल्या माणसाला आधी घेतील. हे मी कुणाजवळ बोललो नाही.

१९ मार्च

आज घाईत लिहितोय, अक्षराकडे बघू नये.

आश्रुबाचं शेत आमच्या बांधाला लागून आहे. दोन महिन्यांपासून तो विहीर खणतोय. वर यारी उभी आहे, तिच्या दोराला लोखंडी डोल लावून खालचा दगड वर काढतात. सात परस, म्हणजे चाळीसेक फूट खोल गेले, पाण्याचा पत्ता नाही. काल सुरुंग उडवला, आणि आज दुपारी आश्रुबा टॉवेलात काहीतरी बांधून दारात उभा.

"माधवराव, हे बघा बरं. तुमी सोन्याचा अभ्यास करायलाव म्हणं."

"कुणी सांगितलं?"

"वहिनींनी. आमच्या घरी कमलकडं हळद मागायला आल्त्या."

टॉवेल सोडला. मुठीएवढा काळा दगड. एका अंगाला पोकळी, पोकळीत साखरेसारखे पांढरे खडे आणि त्यांच्यावर पिवळेजर्द दाणे, उन्हात धरले की डोळ्यांत भरणारे. विहीर थालीपिठं संपवून जुन्या खडकाला तर भिडली नाही?

पुस्तकात सोन्यासारख्याच दिसणाऱ्या पायराइट नावाच्या खनिजाचं पान आहे. वैद्यमंडळी त्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात. ओळख सोपी आहे. ठोकलं तर सोनं चपटं होतं, आणि याचा भुगा होऊन गंधकाचा वास सुटतो. ते पान मी दुमडून ठेवलं. ठोकून बघणारच होतो, पण हातोडी सापडली नाही. आणि असा नमुना घाईनं फोडूही नये.

आश्रुबाला म्हटलं, "शहानिशा होईपर्यंत पुढचा सुरुंग लावू नका."

तो डोकं खाजवत म्हणाला, "तुमी म्हणता तर थांबतो. पर यारीवाले लय दिस दम धरायचे न्हाईत. त्यांना पालमकडं दुसरी हीर हाय. ते गेले की मग माझं पुढल्या उन्हाळ्यावर जातंय."

"थोडे दिवस," मी म्हटलं.

दगड देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागं ठेवला. अनसूयेनं विचारलं, "हे काय?" म्हटलं, नमुना आहे. "देवाकडून तपासून घेणार का?" म्हणाली. ईश्वरीला मुद्दाम कळवलं नाही. परीक्षेचे दिवस आहेत, डोक्याला ताप नको.

२४ मार्च

दगड पिशवीत घालून बाजारात सूर्यभान सोनाराकडे गेलो. त्याचं घराणं पिढ्यांपिढ्या कसोटी लावत आलं आहे. समोर बसलो, पाणी प्यालो, पावसाचं बोललो. अनसूयेच्या जोडव्याला डाग द्यायचा होता, तो देऊन घेतला.

"पिशवीत काय आणलंत?" त्यानं विचारलं.

"लिंबं," मी म्हणालो आणि घरी आलो. सोनाराच्या दुकानात चार माणसं बसलेली असतात, गावभर झालं असतं. दुसरं काही कारण नाही.

३० मार्च, पाडवा

ईश्वरी दोन दिवसांसाठी आली. ती येण्याआधी दगडावर जास्वंदीची फुलं घातली होती. गुढीला गाठी बांधून ती देव्हाऱ्यासमोर बसली. नमस्कार नेहमीपेक्षा लांबला. उठून माझ्याकडे बघितलं, पण बोलली काही नाही. दगड फुलांखाली होता, तिला दिसला नसणार.

जेवताना हट्टीचं निघालं. तिथं दोन हजार वर्षांपूर्वीही माणसांनी सोनं खणलंय म्हणे. खडकाला जाळ लावून तापवायचे, वर पाणी ओतायचे, तडकला की उकरायचे. कुणी पुस्तक लिहून ठेवलं नव्हतं, नकाशा नव्हता, तरी त्यांना शीर सापडली. हे सांगताना तिचं श्रीखंड ताटात तसंच राहिलं.

मी म्हटलं, निजामाच्या वेळी रायचूर आणि परभणी एकाच राज्यात होते, तेव्हा ते अगदीच परकं नव्हे. आणि पूर्ण्याहून सिकंदराबादला गाडी आहे, तिथून रायचूर, पुढं लिंगसुगूरची बस. माहिती म्हणून सांगितलं. अनसूया पदर तोंडाला लावून का हसली कळलं नाही.

८ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. कमलबाई, आश्रुबाची बायको, ताक द्यायला आली आणि ओसरीवर टेकली.

"भाऊजी, हिरीत कबुतरं अंडे घालायलेत. दगडाचं काय झालं?"

"तपासणी चालू आहे."

"चालू द्या. पर म्हशी काय तपासणीला थांबनात. दोन शेतं वलांडून पाणी आणायलोय आमी."

ती हसत बोलली. मला मात्र दिवसभर चैन पडलं नाही. चिडचिड केली ती अनसूयेवर, भाजीत मीठ नाही म्हणून. मीठ होतं.

२१ एप्रिल

परीक्षा संपवून ईश्वरी घरी आली. विषय काढत नाही. नकाशासमोर उभी राहून तिनं ठिपके बघितले, म्हणाली, "गदग थोडं खाली घ्या बाबा." घेतलं.

२७ एप्रिल

सकाळीच आश्रुबा आला. यारीवाले उद्या पालमला निघणार.

"आता सांगा, खणू का राहू द्यू? तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाई."

मी म्हटलं, मला खाली जाऊन बघू द्या. त्याला वाटलं चेष्टा करतोय. यारीवाल्यांनाही वाटलं. पण मी चपला काढून डोलात बसलो, तेव्हा त्यांनी देवाचं नाव घेऊन दोर सोडला.

घाबरलो, हे लिहायला लाज कसली. पहिल्या परसाला डोळे मिटले होते. मग उघडले, आणि उघडेच राहिले. वरची काळी माती संपली, मुरूम लागला, मग घट्ट काळा पाषाण. त्याच्याखाली वीतभर तांबडा पट्टा. हे ईश्वरीनं मला एकदा सांगितलं होतं. एक थर निवला, त्याच्यावर ऊनपावसानं माती झाली, मग दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून लाल झाली. थालीपिठावर थालीपीठ. मी हात लावून बघितला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची माती माझ्या बोटाला लागली.

तळाशी उतरलो. काळाच खडक, फक्त छिद्राछिद्रांचा, ज्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. तेच पांढरे खडे जागोजागी. जुना खडक कुठंही नव्हता. असणारही नव्हता, मला ते तिनं फोनवरच सांगितलं होतं आणि मी त्यातलं हवं तेवढंच टिपलं होतं. भिंतीला तळवा लावला तर गार लागली, ओलसरही वाटली. वर बघितलं, आभाळ ताटाएवढं. खाली मी एकटा, आणि मला चक्क मजा वाटत होती. हिला याच्या कितीतरी पट खोल जायचंय आणि ती आतापासून आनंदात आहे, ते मला त्या तळाशी बसून समजलं.

वर आल्यावर आश्रुबानं विचारलं, "काय हाय खाली?" म्हटलं, तासाभरात सांगतो.

घरी येऊन फुलं बाजूला केली, दगड उचलला आणि अनसूयेचा लोखंडी खलबत्ता अंगणात आणला. ईश्वरी दारात येऊन उभी राहिली. पिवळे दाणे खलात काढले आणि बत्त्याचा एक घाव घातला.

भुगा झाला. फटाक्याच्या दारूसारखा वास आला.

"पायराइट," मी म्हटलं.

"मी पाडव्यालाच बघितला होता," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"पुस्तकात तेच पान दुमडलेलं होतं बाबा. तुम्हाला माहीत होतं. मला वाटलं, तुम्हीच फोडाल."

मग मी सगळं बोललो. खालच्या हवेचं कारण खोटं. इथं सोनं निघावं आणि तू इथंच राहावीस, एवढ्यासाठी एका माणसाची विहीर मी महिनाभर अडवून ठेवली. तू गेलीस की संध्याकाळी या घरात मी कुणाशी बोलू, याची भीती वाटते. बोलताना रडू आलं, आलं तर आलं. ती शेजारी पायरीवर बसली आणि माझा हात धरून ठेवला. हाताला भुगा लागलेला होता, तो तिच्याही हाताला लागला.

आतून अनसूया म्हणाली, "झालं असेल तर खलबत्ता घासून ठेवा. मला चटणी कुटायची आहे."

आश्रुबाकडे पळतच गेलो. म्हटलं, सोनं नाही, खणा. माझ्यामुळं तुमचा महिना गेला. तो यारीच्या दोराकडे बघत म्हणाला, "महिना गेला खरा. पर आवो माधवराव, सोनं निघालं असतं तर सरकारनं रान घेतलं असतं, आन् मी काय खाल्लं असतं? भुगा झाला ते बेस झालं." आणि यारीवाल्यांना दोन दिवस थांबा म्हणून आर्जव करायला गेला. मीही बरोबर गेलो. माझं ऑफिसातलं बोलणं तिथं उपयोगी पडलं.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

सकाळी ईश्वरीला म्हटलं, "कळवून टाक." तिनं विचारलं, "काय कळवू?" म्हटलं, "हो म्हणून." तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून दोनदा म्हणायला लावलं.

दरवर्षी आजच्या दिवशी अनसूया लेकीच्या लग्नासाठी गुंजभर तरी सोनं घेते. यंदा घेतलं नाही. म्हणाली, "यंदा लेकच आणायला चालली."

आश्रुबाच्या विहिरीला काल दुसऱ्या सुरुंगाला पाझर फुटला. मांजऱ्यातूनच. फार नाही, पण चढतंय. कमलबाईनं पाण्याला हळदकुंकू वाहिलं आणि नारळाचं खोबरं आमच्याकडे पाठवलं. कबुतरांनी केव्हाच जागा बदलली.

६ मे

काल तिला सोडलं, आज घरी पोचलो. हजर व्हायच्या दिवशी बाप बरोबर असलेली ती एकटीच. खाणीच्या तोंडावर उंच लोखंडी मनोरा आहे, त्यावर चाक फिरतं आणि त्याच्या दोरानं माणसं खाली जातात. मी पहारेकऱ्याला म्हटलं, "ही तर आमच्या आश्रुबाची यारी." त्याला मराठी कळलं नाही, पण तो हसला. ईश्वरीला लाज वाटली असावी, तरी तिनं माझी ओळख सगळ्यांना करून दिली. परतीच्या गाडीत झोप लागली नाही. घर आज फार मोठं वाटतंय.

१ जून

प्रशिक्षण संपवून ती पहिल्यांदा खाली उतरली. वर आल्या आल्या फोन केला, अंघोळही करायची होती म्हणे.

"बाबा, शीर बघितली. पांढरीशुभ्र. सोनं डोळ्याला दिसतसुद्धा नाही, टनभर दगडात चिमूटभर. आणि आजूबाजूचा खडक कसला आहे माहितीय? काळा. तो पण एके काळी लाव्हाच होता, आपल्यासारखाच."

"मग त्याच्यात सोनं कसं आलं?"

"लय दबला, लय भाजला, तडे गेले. त्या तड्यांतून आलं."

"म्हणजे आपल्या लेकराला अजून आशा आहे."

"आहे की. दोनशे-तीनशे कोटी वर्षं दम धरा."

म्हटलं, धरतो. तिचा आवाज तसाच चढलेला होता. मग मी विचारलं, भीती वाटली का? "उतरताना थोडी," ती म्हणाली. "मग तुम्ही डोलात बसलेले आठवलात."

फोन अनसूयेकडे दिला आणि नकाशासमोर जाऊन उभा राहिलो. हट्टीच्या माझ्या पिवळ्या ठिपक्याला चिकटून एक लाल ठिपका होता. कुंकवाचा, अजून ओला.

अनसूयेचं बोलणं संपल्यावर विचारलं, "हा कधी लावलास?"

"मघाशी, ती वर आल्याचं सांगायली तेव्हा," ती म्हणाली. "पिवळे सगळे तुमचे. तो एक माझा."

पावसाळ्याआधी बैठकीला चुना द्यायचा आहे. नकाशाची भिंत तेवढी राहू द्यायची, असं दोघांचं ठरलं.